कोनाड्यातली बाटली

चि. बाईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू पशुवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाचे विषय वाचून दाखवलेस. पॅथॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, पॅरासायटॉलॉजी, आणखी दोन. मी नुसतं हूं हूं करत होतो. डोक्यात दुसरंच चाललं होतं. फोनवर ते बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहितोय.

सुट्टीत तू आली होतीस तेव्हा शेजारच्या आत्यांनी शेळी आणली होती. मान खाली, हगवण लागलेली, मागचे पाय बरबटलेले. दारात पाच-सहा माणसं गोळा झाली. आता आपली डॉक्टरीण काहीतरी करणार, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. तू तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितलीस आणि म्हणालीस, "आत्या, मला अजून रोग शिकवलेले नाहीत. पहिलं वर्ष धडधाकट जनावराचं असतं. हिला दवाखान्यात न्या, नाहीतर जनावरांच्या 1962 या नंबरला फोन लावा." त्यावर कुणीतरी हसलं, "वर्षभर काय नुसती हाडं मोजली का गं?" मी त्याला काही बोललो नाही. उलट रात्री जेवताना तुझ्याशीच तुटक वागलो. तुझ्या ते लक्षात आलं होतं, हेही मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तू परभणीला गेलीस आणि आत्यांबरोबर मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, गाभण आहे का? होती, नुकतीच. मग त्यांनी शेण काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. जंत निघाले. आपल्या कोनाड्यात जंताच्या औषधाची अर्धी बाटली आहे ना, तीच मी सोबत नेली होती. ती बघून ते म्हणाले, हे नको, गाभणपणाच्या सुरुवातीला दिलं तर पोटातल्या पिलात व्यंग येऊ शकतं. मग त्यांनी दुसरं औषध दिलं, तेही वजनाचा अंदाज घेऊन. बाई, आदल्या दिवशी त्या गर्दीत तू नसतीस तर मीच बाटलीचं बूच उघडलं असतं. फुकटात मोठेपणा मिळाला असता.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते. 2004 साली, तुझ्या जन्माच्या आधी, आपल्याकडे एक देवणी जातीचा बैल होता. बालंक्या, म्हणजे अंगावर डागसुद्धा नाही, पांढराफेक. माळेगावच्या जत्रेतून आणलेला. पौषात एका पहाटे दावं तोडून तो हरभऱ्याच्या ओल्या टहाळात शिरला आणि पोट तडस लागेपर्यंत खाल्लं. उजाडलं तेव्हा डावी कूस ढोलासारखी फुगलेली, टिचकी मारली की वाजत होती. डॉक्टरांना निरोप धाडला, पण ते येईपर्यंत मला धीर निघेना. पोटफुगीवर गोडंतेल पाजतात एवढं मला ठाऊक होतं. घरात करडईचं होतं. बांबूचा नळा घेतला, दोघांनी मान वर ताणून धरली, मी जीभ ओढली आणि शेरभर तेल घळाघळा ओतलं. तो मध्येच खोकला. मी थांबलो नाही.

फुगी उतरली. संध्याकाळी तर मी चारचौघांत फुशारकी मारत होतो. दुसऱ्या दिवसापासून त्याचा श्वास फुलला, नाकातून फेस यायला लागला. चौथ्या दिवशी गेला. डॉक्टरांनी बांधावरच शवविच्छेदन केलं. फुप्फुस कापलं तर त्यांच्या बोटांना तेल लागलं. करडईचा वास मला लांबूनच आला. ते मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, तेल बरोबर होतं, मान वर केली तिथं चुकलं, जीभ धरली की जनावराला गिळता येत नाही. आईला मी सांगितलं, पोटफुगीनं गेला. आजही तिला तेच माहीत आहे. हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस, मीच सांगेन.

तुझ्या पॅथॉलॉजीत असली फुप्फुसं येतील. तेव्हा तुला कळेल की शेतकऱ्यानं "काही पाजलं नाही हो" म्हटलं तरी त्याला दोनदा का विचारावं. आम्ही खोटं बोलतो. लाजेनं बोलतो.

आणखी एक विचारायचं आहे. 2022 ला लम्पी आली तेव्हा आपल्या गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचली होती. शेळीची लस गाईला कशी चालते, हे मी तेव्हा दोघांना विचारलं, दोघांनीही मान हलवली. मायक्रोबायॉलॉजीत येईल तेव्हा मला सोप्या भाषेत लिहून पाठव. जेनेटिक्सचं मात्र मला काही सांगू नकोस. देवणीतले वानेरा, बालंक्या, शेवेरा हे तिन्ही रंग मी लांबून ओळखतो, त्यात तू माझ्याकडूनच शिकशील.

रेबीजची लस राहिली असेल तर या आठवड्यात घेऊन टाक. गमबूट चावत असतील तर बदलून घे, पैशाचं बघू नकोस. एसटीनं डबा पाठवतोय, त्यात शेंगदाण्याची चटणी आणि करडईचं तेल आहे.

आत्यांची शेळी चरायला लागली आहे. अजून चार महिन्यांनी विणार. त्या दिवशी हसलेला माणूस काल आला होता, त्याच्या म्हशीच्या सडातून गाठी येतात म्हणून. "तुमच्या पोरीला विचारा ना." मी म्हटलं, तिला अजून शिकवलेलं नाही, दवाखाना नऊला उघडतो.

तुझा,
बाबा