'एल्डन रिंग'च्या अखेरच्या लढाया आणि शस्त्रांच्या याद्या

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत 'एल्डन रिंग' या खेळातील सर्वांत प्रभावी दहा शस्त्रांची यादी नुकतीच वाचली. व्हिडिओ गेमसारख्या विषयाला मराठी वृत्तपत्रात जागा मिळावी, याचे मनापासून स्वागत आहे. विशेषतः या खेळात मराठी किंवा हिंदी भाषेचा पर्यायच नसल्यामुळे त्यातील नियम आपल्या भाषेत समजावून सांगणाऱ्या लेखनाची गरज मोठी आहे. परंतु ही यादी शस्त्राच्या तपशिलात दिसणाऱ्या माऱ्याच्या एकूण आकड्यावरून उतरत्या क्रमाने लावलेली असून, शेवटच्या टप्प्यातील लढायांसाठी ती जशीच्या तशी वापरणाऱ्या नव्या खेळाडूची तिच्यामुळे निराशा होण्याचीच शक्यता अधिक आहे. कोणते शस्त्र उत्तम, हा प्रश्न या खेळात कोणत्या शत्रूसाठी आणि कोणत्या खेळाडूच्या हाती, हे ठरवल्याशिवाय सुटत नाही, एवढेच मला या पत्रातून सोदाहरण मांडायचे आहे.

फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीने हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली तयार केलेला हा खेळ २५ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्राचा मारा एकाच जातीचा नसतो. साधा शारीरिक घाव, आणि त्यातही कापणारा, ठोकणारा व भोसकणारा असे भेद, शिवाय जादू, आग, वीज आणि होली (पवित्र शक्तीचा मारा), असे त्याचे प्रकार आहेत. पडद्यावर दिसणारा आकडा ही या सर्वांची बेरीज असते. शत्रूचे संरक्षण मात्र बेरजेवर लागू होत नाही. ते प्रत्येक प्रकारावर स्वतंत्रपणे लागू होते. त्यामुळे सातशेचा निव्वळ शारीरिक मारा करणारी तलवार आणि साडेतीनशे शारीरिक अधिक साडेतीनशे आगीचा मारा करणारी तलवार कागदावर सारख्या दिसल्या, तरी दुसरीच्या माऱ्याला दोनदा कात्री लागते, आणि समोरचा शत्रू आगीला दाद न देणारा असेल तर तिचा अर्धा भाग जवळजवळ वाया जातो. आपल्या यादीतील किमान निम्मी शस्त्रे अशा दुहेरी माऱ्याची आहेत. ती वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही, पण त्यांचा क्रम केवळ बेरजेवर लावणे मला पटत नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे खेळाची अखेरची लढाई. तिथे आधी रॅडॅगॉन हा शत्रू आणि तो पडताच, मध्ये विश्रांती किंवा औषधाच्या बाटल्या पुन्हा भरण्याची सवड न देता, एल्डन बीस्ट समोर येतो. त्याच्या हातून मरण आले तर पुन्हा रॅडॅगॉनपासून सुरुवात करावी लागते. दोघांनाही होली माऱ्याचे फारसे काही वाटत नाही. एल्डन बीस्टला रक्तस्राव होत नाही, म्हणजेच ज्याला सगळे खेळाडू ब्लीड म्हणतात तो परिणाम त्याच्यावर साधतच नाही. आता आपल्या यादीत अग्रस्थानी असलेली 'रिव्हर्स ऑफ ब्लड' ही कताना, म्हणजे जपानी धाटणीची तलवार, पाहा. तिचा मारा शारीरिक आणि आग असा विभागलेला आहे, आणि तिची खरी ताकद ब्लीडमध्ये आहे. वाटेतल्या बहुतेक शत्रूंवर ती अक्षरशः तुटून पडते. पण ज्या लढाईसाठी खेळाडू तिला सुरुवातीपासून जपत आला, नेमक्या त्याच लढाईत तिचे मुख्य बळ गळून पडते. शिवाय तिचे विशेष कौशल्य वापरायला एफपी, म्हणजे कौशल्यांसाठी लागणारी आणि बाटल्यांनी भरून येणारी शक्ती, लागते, आणि रॅडॅगॉनवर ती उधळून टाकली तर एल्डन बीस्टसमोर जाताना बाटल्या रिकाम्या झालेल्या असतात. कौशल्याच्या जोरावर चालणाऱ्या प्रत्येक शस्त्राला, मग ते 'मूनव्हेल' असो वा 'ब्लास्फेमस ब्लेड', या दुहेरी लढाईत हा हिशेब चुकत नाही.

याच लढाईत आणखी एक गोष्ट आहे, जी कोणत्याही आकड्यात दिसत नाही. एल्डन बीस्ट अवाढव्य रिंगणात सतत दूर निघून जातो आणि खेळाडूला त्याच्यामागे धावत राहावे लागते. जून २०२४ मध्ये आलेल्या १.१२ या अद्ययावत आवृत्तीपासून तिथे टॉरंट या घोड्याला बोलावता येते, हा मोठाच दिलासा आहे. तरी पोहोचल्यानंतर मिळणाऱ्या दोनचार क्षणांत किती घाव बसतात, हे शस्त्राच्या लांबीवर आणि ते किती झटपट फिरते यावर ठरते. आखूड खंजिराचा ब्लीड इथे चालत नाही आणि त्याची लांबीही पुरत नाही. इथे शारीरिक माऱ्याची, मध्यम वजनाची लांब तलवार, किंवा दुरून मारता येणारी अस्त्रे, हीच अधिक उपयोगी पडतात. आणि यादीत चौथ्या क्रमांकावर जिचे कौतुक केले आहे ती 'सेक्रेड रेलिक स्वोर्ड' मिळते कशी, हे तरी लेखात सांगायला हवे होते. एल्डन बीस्टला हरवल्यानंतर हाती येणाऱ्या 'स्मृती' या वस्तूच्या बदल्यात एनिया हे पात्र ती देते. म्हणजे अखेरची लढाई संपल्याशिवाय ती मिळूच शकत नाही, आणि पुढच्या फेरीत, म्हणजे खेळ पुन्हा सुरुवातीपासून खेळताना, ती घेऊन पुन्हा त्याच शत्रूसमोर उभे राहिले तर तिचा होली मारा त्याच्यावर निष्प्रभ ठरतो. झुंडीने येणाऱ्या शत्रूंना एका लाटेत साफ करून रून्स, म्हणजे खेळातले चलन, गोळा करण्यासाठी ती अप्रतिम आहे, यात वाद नाही.

याच्या उलट उदाहरण क्रम्बलिंग फारुम अझुला या प्रदेशातील गॉडस्किन नावाच्या शत्रूंच्या जोडगोळीचे आहे. एक सडपातळ, एक लठ्ठ, दोघे मिळून एकच आयुष्यरेषा, आणि एक पडला तरी काही वेळाने पुन्हा उभा. खेळातील सर्वांत त्रासदायक अनिवार्य लढायांपैकी ही एक मानली जाते. या दोघांनाही झोप फार लवकर लागते. केलिड या प्रदेशातील एका पडक्या अवशेषात, मोहोर लावलेल्या दारामागे पेटीत मिळणारी 'स्वोर्ड ऑफ सेंट ट्रिना' ही तलवार माऱ्याच्या आकड्यावर कोणत्याही यादीत येणार नाही, आली तर तळाशी येईल; पण तिच्या कौशल्यातून निघणाऱ्या धुक्याने एकाला निजवून दुसऱ्याशी एकट्याने लढता येते, आणि ज्या लढाईवर लोक संध्याकाळच्या संध्याकाळ घालवतात ती एकाएकी आवाक्यात येते. तलवार सापडत नसेल तर झोपेची मडकी किंवा बाणही हेच काम करतात. माझ्या मते अखेरच्या टप्प्यातील शस्त्रनिवडीचा याहून चांगला नमुना सबंध खेळात नाही. निर्मात्यांनी तर त्याआधीच रायकार्ड या शत्रूच्या लढाईत हा संकेत उघडपणे दिलेला आहे: तिथे रिंगणातच ठेवलेला 'सर्पंट-हंटर' हा भाला त्या एका लढाईत लांबवर पोहोचणाऱ्या लाटा सोडतो आणि अन्यत्र तो एक साधा भाला उरतो.

मलेनिया या शत्रूचा विषय वेगळा आहे, कारण तिच्याशी लढणे ऐच्छिक असूनही बहुतेकांना तिलाच हरवायचे असते. तिला ब्लीड होतो, तिला हिमदंशाचाही परिणाम होतो, त्यामुळे 'रिव्हर्स ऑफ ब्लड'ला इथे खरोखरच न्याय मिळतो. मात्र तिचा प्रत्येक घाव, अगदी ढालीवर अडवलेला घावसुद्धा, तिचे आयुष्य वाढवतो. म्हणून घाव खाऊन घाव देण्याच्या बेताने निवडलेली अतिजड शस्त्रे बेसावध खेळाडूच्या हाती तिलाच पोसतात. दुसरीकडे, जड शस्त्राचा नेमका बसलेला घाव तिचा हल्ला मध्येच तोडतो, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही बाजू लक्षात घेता, तिच्यासमोर मी हिमाचा संस्कार (शस्त्राच्या माऱ्याचा प्रकार बदलणारी प्रक्रिया) केलेली 'उचिगताना' पसंत करतो. या कतानेत ब्लीड मुळातच आहे. कोल्ड हा संस्कार केल्यावर त्यात हिमदंशाची भर पडते. हिमदंश लागला की शत्रूच्या आयुष्यातून एक मोठा घास जातो आणि पुढचा काही काळ त्याला सुमारे २० टक्के अधिक इजा होते. आगीचा घाव बसला तर हिमदंश निघून जातो, म्हणून सोबतच्या मंत्रांची निवडही जपून करावी लागते. काही मुरलेले खेळाडू मात्र हिमदंश पुन्हा लावता यावा म्हणून मुद्दामच मध्ये आग वापरतात.

आता हाताळणाऱ्याबद्दल. यादीत 'जायंट-क्रशर' या प्रचंड हातोड्याची शिफारस आहे, पण त्याला ६० स्ट्रेंग्थ (पात्राचा ताकदीचा गुण) लागते आणि त्याचे वजन २६.५ आहे, याचा उल्लेख नाही. दोन्ही हातांनी धरल्यास स्ट्रेंग्थ दीडपट धरली जाते, म्हणून ४० असली तरी तो पेलता येतो. पण मग ढाल नाही, आणि एकूण ओझे मर्यादेच्या ७० टक्क्यांपलीकडे गेले की लोळण घेणे इतके मंद होते की शेवटच्या टप्प्यातील बॉसचे, म्हणजे प्रमुख शत्रूंचे, हल्ले चुकवणे कठीण होऊन बसते. ज्याने आपले गुण इंटेलिजन्समध्ये घातले आहेत त्याला हा हातोडा, आणि ज्याने स्ट्रेंग्थमध्ये घातले आहेत त्याला 'मूनव्हेल', दोन्ही तितकेच निरुपयोगी आहेत. गुणांची फेरमांडणी रेनाला या पात्राकडे करता येते, पण प्रत्येक वेळी 'लार्व्हल टिअर' नावाचा एक पदार्थ खर्ची पडतो आणि एका फेरीत ते मोजकेच मिळतात.

शस्त्र चढवण्याच्या, म्हणजे त्याची ताकद पायरीपायरीने वाढवण्याच्या, खर्चाचा तर यादीत विचारच केलेला नाही, आणि माझ्या दृष्टीने हीच तिच्यातील मोठी उणीव आहे. साधी शस्त्रे +२५ पर्यंत जातात, विशेष शस्त्रे +१० पर्यंत, आणि या दोन टोकांची ताकद साधारण सारखी धरायची असते. साध्या शस्त्राला प्रत्येक दर्जाचे स्मिदिंग स्टोन, म्हणजे शस्त्र चढवण्याचे दगड, दोन, चार, सहा अशा क्रमाने लागतात, म्हणजे आठ दर्जांचे मिळून ९६, आणि शेवटच्या पायरीला प्राचीन ड्रॅगनचा एक दगड. विशेष शस्त्राला दर पायरीला सोंबर नावाचा वेगळ्या जातीचा एकच दगड पुरतो. म्हणून घाईत असलेल्या खेळाडूला विशेष शस्त्र स्वस्त पडते, हे खरे. पण त्यावर दुसरा संस्कार करता येत नाही, त्याचा मारा जसा आहे तसाच राहतो. साधे शस्त्र महाग असले तरी शत्रू पाहून त्यावर आग, वीज, हिम किंवा निव्वळ ताकदीचा हेवी संस्कार बदलता येतो. शिवाय खाणकामगारांच्या बेल बेअरिंग (दुकानात नवा माल आणणाऱ्या वस्तू) सापडत गेल्या की हे दगड राउंडटेबल होल्ड या खेळाडूच्या तळावर रून्स देऊन विकत मिळतात. सातव्या आणि आठव्या दर्जाच्या दगडांची बेअरिंग फारुम अझुलामध्येच आहे. म्हणजे ज्या ठिकाणी गॉडस्किन जोडगोळी अडवते, त्याच ठिकाणी दुसरे शस्त्र +२४ पर्यंत नेण्याची सोयही होते. +१८ वर राहिलेले कोणतेही साधे शस्त्र, कितीही नावाजलेले असो, शेवटच्या लढायांत +२५ वरच्या साध्या तलवारीपुढे फिके पडते. यादीतील आकडे कोणत्या पायरीवरचे आणि किती गुणांवरचे आहेत, याचा कुठेच खुलासा नसल्यामुळे वाचकाला तुलना तरी कशी करता येणार?

याद्या लवकर जुन्या होतात, हेही सांगायला हवे. खेळ प्रसिद्ध झाल्यानंतर काही आठवड्यांतच, मार्च २०२२ मधील १.०३ आवृत्तीत 'स्वोर्ड ऑफ नाइट अँड फ्लेम' आणि 'होअरफ्रॉस्ट स्टॉम्प' हे कौशल्य यांची ताकद कमी करण्यात आली होती. त्या आधीच्या सल्ल्यांवर विसंबून आजही कोणी ती तलवार सर्वश्रेष्ठ म्हणून सांगत असेल, तर तो दोष वाचकाचा नाही. जून २०२४ मध्ये आलेल्या 'शॅडो ऑफ द एर्डट्री' या विस्तारात तर स्कॅड्यूट्री तुकड्यांनी मिळणारा आशीर्वाद वाढवल्याशिवाय कोणतेच शस्त्र पुरेसे चालत नाही. तो २० पायऱ्यांपर्यंत वाढतो, दिलेला मारा वाढवतो आणि घेतलेला कमी करतो, आणि त्या भूमीत शस्त्र बदलण्याआधी हे तुकडे शोधण्यात वेळ घालवलेला केव्हाही फायद्याचा.

मला जर एका नव्या खेळाडूला दोनच शस्त्रे सुचवायची असतील, तर मी हेवी संस्काराची 'क्लेमोर' आणि वर सांगितलेली कोल्ड 'उचिगताना' सुचवेन. क्लेमोर कॅसल मॉर्नमध्ये खेळाच्या सुरुवातीलाच मिळते, तिला १६ स्ट्रेंग्थ आणि १३ डेक्स्टेरिटी (चपळाईचा गुण) पुरते, तिच्या जोरकस वारांत भोसकणारा घाव असल्यामुळे लांबीही चांगली मिळते, आणि तिचा मारा पूर्णतः शारीरिक असल्याने एल्डन बीस्टसमोर काही वाया जात नाही. ब्लीड होणाऱ्या शत्रूंसाठी कताना हाताशी राहते. दोन्ही पूर्ण चढवायच्या तर दगड खूप लागतात, म्हणून पहिली क्लेमोर पूर्ण करावी आणि कतानेसाठी फारुम अझुलाची वाट पाहावी. या दोन्ही तलवारी आपल्या यादीत नाहीत. पुरवणीत पुढे कधी या विषयावर लिहिले गेले, तर प्रत्येक शस्त्रापुढे त्याच्या माऱ्याचे प्रकार, लागणारे गुण, किती पायरीवरचा आकडा आहे आणि ज्या शत्रूंवर ते चालत नाही त्यांची नावे, एवढे चार तपशील द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक