शब्द शेवटाकडून शोध

चि. छकुली,
अनेक आशीर्वाद.

हॉस्टेलमध्ये तुमचा स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स जुळवून इंग्रजी शब्द करायच्या खेळाचा, सराव रंगलाय हे वाचून फार आनंद झाला. ‘सात अक्षरं समोर असतात आणि काहीच सुचत नाही,’ असं तू लिहिलंस. सुरुवातीचं अक्षर शोधत बसतेस म्हणून अडतेस. इंग्रजी शब्द सुरू कशानेही होतात, संपायच्या जागा मात्र ठरलेल्या. तिथून मागे ये.

समज, तुझ्याकडे ए, जी, आय, एन, आर, एस, टी आलेत. आधी आय-एन-जी उचलून पट्टीच्या उजव्या टोकाला लाव. उरली चारच अक्षरं, एस-टी-ए-आर. झाला शब्द तयार! पण हा टक लावून बघण्यातला ‘स्टेअरिंग’, मूळच्या ‘स्टेअर’चा शेवटचा ई गळतो. ‘स्टार’चं रूप करायला जाशील तर आर दोनदा लागेल आणि तुझ्याकडे तो एकच आहे. आता एस शेवटी नेऊन बघ, ‘रेटिंग्ज’ मिळतो. सातही अक्षरं एकदम लागली की 50 गुण जादा, हे तुला माहीत आहेच. मात्र आय-एन-जीच्या आशेवर बसून राहू नकोस. 100 टाइल्समध्ये जी फक्त 3 असतात.

एस तर जपूनच वापर. हा खेळ तयार करणारे आल्फ्रेड बट्स न्यूयॉर्कचे आर्किटेक्ट. 1930च्या दशकातल्या मंदीत काम गेलं, तेव्हा वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून त्यांनी कोणतं अक्षर किती ठेवायचं ते ठरवलं. एस मात्र मुद्दाम 4च ठेवले, नाहीतर जो तो अनेकवचनं करत सुटला असता. म्हणून तीन-चार गुणांसाठी तो घालवायचा नाही. दुसऱ्याच्या शब्दाला मागून एस लागेल आणि त्याच एसमधून तुझा आडवा शब्द निघेल अशी जागा बघ, दोन्ही शब्दांचे गुण तुला मिळतात.

इंग्रजी शब्दकोड्यातही हेच. सूचना भूतकाळातली असेल तर शेवटी ई-डी, अनेकवचनी असेल तर एस, ‘सर्वात’ असं काही असेल तर ई-एस-टी, काम करणारा माणूस असेल तर ई-आर किंवा ओ-आर, असं पेन्सिलीने फिकट लिहून ठेव. फिकटच, कारण ‘रॅन’ आणि ‘माइस’ कोणतंच शेपूट लावत नाहीत. शेवटून दुसऱ्या चौकटीत व्ही आला तर पुढे बहुतेक वेळा ई नाहीतर वाय येणार. इंग्रजीला व्हीवर थांबायला आवडत नाही, म्हणून ‘गिव्ह’, ‘लव्ह’, ‘फाइव्ह’ सगळ्यांच्या मागे ई आहे. ‘एबल’ की ‘इबल’ यात अडलीस तर आधीचा भाग एकटा उभा राहतो का बघ. ‘रीड’ राहतो म्हणून ‘रीडेबल’मध्ये ए. ‘व्हिजिबल’, ‘पॉसिबल’मधला नाही राहत, तिथे आय. ‘फ्लेक्सिबल’ हा नियम मोडतो, तो पाठच कर. आणि ‘सीड’ उच्चाराने संपणाऱ्यांत डबल ई असलेले नेहमीचे तीनच: ‘एक्सीड’, ‘प्रोसीड’, ‘सक्सीड’. ‘सुपरसीड’ला एस लागतो, तसा तो एकटाच.

मला सगळ्यात आवडतो तो जे. अस्सल इंग्रजी शब्द जेवर संपत नाही, तिथे डी-जी-ई येतं, ‘ब्रिज’ किंवा ‘जज’सारखं. पण ‘राज’, ‘ताज’ आणि चक्क ‘स्वराज’ हे आपल्याकडचे शब्द स्क्रॅबलच्या शब्दसूचीत आहेत! जेचे 8 गुण. तो हातात आला की बाकीच्या मुली कपाळाला हात लावतील, तू आधी ए आणि आर शोध.

आता ही अक्षरं घे: ए, ई, ई, एन, आर, एस, टी. यात सात अक्षरी तीन शब्द तरी आहेत. दोन ई-एस-टीवर संपतात, त्यातल्या एकाचाच अर्थ ‘सर्वात’ असा होतो. तिसऱ्याचा शेवट वेगळा आहे आणि त्यात एक दिशा आहे. रविवारी फोन करशील तेव्हा तिन्ही सांग.

तुझी,
आई