कारगिलनंतर चारच दिवसांनी 30 जुलै येते

मा. संपादक साहेब, जय हिंद.

26 जुलैची तुमची कारगिलची पुरवणी वाचली, चांगली होती, फोटो पण भारी. आमच्या सोसायटीत पण कार्यक्रम झाला, मला स्टेजवर बसवलं, शाल दिली आणि माईकवाल्या पोरानं सांगून टाकलं की काका कारगिलला लढले. मी कारगिलला नव्हतो, 99 ला माझी पलटण दुसरीकडं होती. खाली उतरल्यावर त्याला म्हटलं बाळा मी श्रीलंकेला होतो, तर म्हणतो, ट्रिपला का काका?

पोराची चूक नाही हो. त्याला कोणी सांगितलंच नाही. 29 जुलै 1987 ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला आणि दुसऱ्याच दिवशी, 30 तारखेला, आपली फौज श्रीलंकेच्या उत्तरेला, तमिळांच्या जाफन्याला उतरायला लागली. तिचं नाव शांतिसेना. लष्कराच्या ज्या सदर्न कमांडकडं हा सगळा कारभार होता तिचं मुख्यालय आपल्या पुण्यात, कॅम्पातून जाताना रोज दिसतं, तरी पुण्यात कोणाला माहीत नाही.

मी तेव्हा 22 वर्षांचा, कोरेगाव तालुक्यातलं पोरगं. लंका म्हणजे मला दोनच गोष्टी माहीत, रावण आणि रेडिओ सिलोन. आम्हाला सांगितलं होतं की तिथली तमिळ आणि सिंहलींची भांडणं मिटली आहेत, तमिळ बंडखोर हत्यारं जमा करणार, तुम्ही फक्त मध्ये उभं राहायचं. आणि खरंच पहिले दोन महिने लोकांनी हार घातले, शहाळी फोडून दिली. मी तमिळचा एकच शब्द शिकलो, तन्नी, म्हणजे पाणी. जाफन्याला नदी नाही, सगळं विहिरीवर, गस्तीवर असताना कोणाच्याही दारात जाऊन तन्नी म्हटलं की म्हातारी पोहरा सोडायची.

मग ऑक्टोबरात बिनसलं. श्रीलंकेच्या नेव्हीनं पकडलेल्या 17 वाघांपैकी (एलटीटीईच्या तमिळ बंडखोरांना वाघ म्हणायचे) 12 जण सायनाईड खाऊन मेले आणि आठवड्याभरात आम्ही त्याच लोकांवर गोळ्या चालवत होतो ज्यांच्यातल्या कितीतरी जणांना ट्रेनिंग आपल्याच देशात मिळालं होतं. त्यांच्याकडं एके 47, आमच्याकडं एसएलआर, एक घोडा दाबला की एक गोळी. जाफना युनिव्हर्सिटीच्या मैदानात रात्री हेलिकॉप्टरनं शीख लाइट इन्फंट्रीचे 30 जवान उतरवले, त्यातले 29 गेले, एकटा जिवंत वाघांच्या हाती लागला. दुसऱ्या दिवशी आमच्या लंगरात कोणी जेवलं नाही.

लोक विचारतात शत्रू कसा होता. साहेब तीच तर गोची होती, शत्रूला वर्दीच नव्हती. लुंगी घातलेला, सायकलवर नारळ घेऊन जाणारा माणूस, सकाळी हात करायचा आणि संध्याकाळी त्याच रस्त्याच्या मोरीखाली सुरुंग फुटायचा. रस्त्यानं चालताना नजर कायम खाली, नवीन माती दिसते का, वायर दिसते का. ती सवय अजून गेलेली नाही. आमच्या धानोरीत महापालिकावाले खड्डा खणून बुजवतात तर मी आजही त्या ताज्या मातीवर पाय देत नाही, वळसा घालून जातो, बायको म्हणते अहो डांबरच आहे ते. आता पुण्यात असं चालायचं म्हणजे दिवसाला पाच किलोमीटर जास्तच होतात.

आम्ही लई सज्जन होतो असं पण मी म्हणणार नाही. दिवाळीच्या दिवसांत जाफन्याच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, नर्स, पेशंट आपल्या फौजेच्या गोळ्यांनी मेले, मी तिथं नव्हतो पण वर्दी तीच होती. त्यानंतर तन्नी मागितलं की दार बंद. ती म्हातारी मला पुढं एकदा दिसली, तिनं पोहरा उचलून आत नेला. आता तिचं काय चुकलं सांगा.

रात्री संत्री ड्युटीला ताडाच्या झाडांचा नुसता खडखड आवाज, आणि डोक्यात एकच, आपण इथं कोणासाठी. तमिळांना वाटायचं हे आपल्याला मारायला आले, सिंहलींना वाटायचं हे आपला देश घ्यायला आले. घरी पत्रात यातलं काही लिहिता यायचं नाही, पत्त्याला नुसता एपीओ, म्हणजे लष्करी टपालाचा नंबर, आई समजायची मी काश्मीरला आहे आणि स्वेटर पाठवायची. त्या उकाड्यात स्वेटर! तो मी उशाला घेऊन झोपायचो.

मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं नाव तरी छापा. महार रेजिमेंटची 8 वी पलटण, जन्म मुंबईचा, घर तमिळ, आणि 25 नोव्हेंबर 1987 ला तमिळ बंडखोरांशी लढताना छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच पाडलं. परमवीरचक्र. या महाराष्ट्रातला माणूस, पण माझ्या नातवाला विचारलं तर त्याला क्रिकेटवाल्यांची 15 नावं येतात, हे येत नाही (शिकवलं नाही तो माझाच दोष धरा).

तिथं आपले जवळपास 1,200 जवान गेले. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. आमची पलटण त्याच्या आधीच परतली होती, आमच्यासाठी पण बँड नव्हता, मला सरळ ट्रेनमध्ये बसवलं. पुढं श्रीलंकेनं कोलंबोजवळ आपल्या जवानांचं स्मारक बांधलं. आपल्या घोरपडीला पण लोकवर्गणीतून उभं राहिलेलं युद्ध स्मारक आहे, मी दर 30 जुलैला तिथं जातो. गर्दी नसते, पार्किंग लगेच मिळतं.

तर विनंती एवढीच, पुरवणी नको, पण पुढच्या वर्षी 26 जुलैनंतर चार दिवसांनी एक कॉलम द्या. माझ्याकडं एक फोटो आहे, ऑगस्ट 87, जाफन्याजवळच्या पलाली विमानतळाच्या रनवेवर आम्ही सहा जण हातात शहाळी घेऊन, त्यातले चौघं परत आले. लागला तर ऑफिसला आणून देतो, पण वापरून परत करा, निगेटिव्ह माझ्याकडं नाही.

एक निवृत्त हवालदार, धानोरी, पुणे
(नाव छापू नये)