मसाल्याचा हंगाम मार्चात, कर्ज मृगात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिला दिन आला की पुरवण्यांत बचत गटांच्या स्टॉलचे फोटो येतात. त्या स्टॉलवरच्या कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटामागचा हिशेब मात्र क्वचितच छापून येतो. उत्पादनात उतरलेले गट दोन-तीन वर्षांत का थांबतात, हे त्या हिशेबात दिसते. प्रशिक्षणे भरपूर होतात. पैसा अवेळी येतो आणि भलत्या रूपात येतो, दुखणे तिथे आहे.

कोल्हापूर-सांगलीकडे वर्षाचा मसाला होळीपासून वळवाच्या पावसापर्यंत होतो. ब्याडगी, संकेश्वरी मिरची तेव्हा बाजारात असते आणि ऊनही कडक असते. गटाला वर्षभर विकायचे तर मिरची, धणे, खोबरे याच दिवसांत भरून ठेवावे लागते. उशिरा घेतलेली मिरची बहुधा महाग पडते, शिवाय दमट हवेत ती कुरकुरीत वाळत नाही आणि बुरशी धरते. कांदा कच्चट राहिला तर पाकिटात गुठळ्या होतात. सगळे जमले आणि माल साध्या पातळ पिशवीत भरला, तर खोबऱ्याचे तेल बाहेर येते, लेबल तेलकट होते आणि मसाला लवकर खवट होतो. असा माल दुकानदार एकदा परत करतो, पुन्हा घेत नाही.

आता कर्ज. जानेवारीत दिलेली फाइल मार्चअखेरच्या गडबडीत सापडते आणि मंजुरी येईपर्यंत अनेकदा मृग लागलेला असतो. मिळते तेही बहुतेक वेळा मुदत कर्ज, त्याचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू. मसाल्यात घातलेला पैसा दिवाळीपर्यंत थोडा थोडा सुटतो. मधले हप्ते बायका शेतमजुरीतून भरतात, नाहीतर मायक्रोफायनान्सचे दुसरे कर्ज काढून. अहवालात मात्र ‘परतफेड उत्तम’!

अशा धंद्याला कॅश क्रेडिट हवे. जेवढे उचलले तेवढ्यावरच व्याज, आणि माल विकेल तसा भरणा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत गटांसाठी ही सोय आहे. दहा लाखांपर्यंत तारण मागू नये, गटाच्या बचत खात्यावर बोजा चढवू नये, हेही त्यांतच आहे. तरी ‘खात्यात एवढी रक्कम राहू द्या’ असे काही शाखांत तोंडी सांगितले जाते. तोंडीच, कारण लिहून दिले तर अंगाशी येईल.

दुसरी चूक गटांची स्वतःची, तीही सांगितली पाहिजे. दर ठरवताना स्वतःची मजुरी धरत नाहीत. समजा, दहा किलो मिरची घेतली. देठ खुडून, वाळवून त्यात किलोभर घट येतेच. बाकी जिन्नस मिळून साधारण वीस किलो मसाला होतो. मिरची निवडणे, कांदा चिरणे, तळणे, कांडायला डंकावर नेणे, पाकिटे भरणे यात चौघींचे दोन दिवस गेले, तर ३०० रुपये रोजाने मजुरी २,४०० रुपये. म्हणजे २०० ग्रॅमच्या पाकिटामागे २४ रुपये. १२० रुपयांच्या पाकिटावर दुकानदाराने २० टक्के मागितले तर आणखी २४. स्टॉलवर दर लावताना हे दोन्ही २४ धरलेले नसतात. म्हणून प्रदर्शनात गल्ला भरतो, आणि दुकानात माल ठेवायची वेळ आली की गट मागे सरतो.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, ही गोष्ट सगळे सांगतात. तिथे एकाच जागी मळलेले पीठ बहिणी घरी नेतात, लाटलेले पापड आणून वजन करून देतात आणि लाटण्याची मजुरी त्यांना हातोहात मिळते, हे फारसे कुणी सांगत नाही. तिथे मजुरी नफ्याची वाट बघत बसत नाही.

तिसरे, उधारी, म्हणजे दुकानदाराकडे थकलेले बिल. गटाने उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून तो क्रमांक बिलावर छापावा. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत खरेदीदाराला पैसे द्यावेच लागतात. भांडायला जा म्हणणे सोपे, पण पुढची ऑर्डर जाईल या भीतीने गट गप्प बसतो. इथे आयकराची तरतूद कामी येते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, मुदतीत न चुकवलेल्या अशा बिलाचा खर्च खरेदीदाराला पैसे दिल्याशिवाय करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक दिसला की त्याचा हिशेबनीसच त्याच्या मागे लागतो.

बँका आणि बचत गटांचे काम पाहणाऱ्या ‘उमेद’, ‘माविम’ या सरकारी यंत्रणांच्या जिल्हा कार्यालयांना एवढेच सांगणे आहे. मसाला करणाऱ्या गटांची प्रतवारी (कर्जापूर्वीची तपासणी) नोव्हेंबरात उरका आणि कॅश क्रेडिटची मर्यादा डिसेंबरात मंजूर करा, म्हणजे जानेवारीअखेर बाजारात जाताना गटाच्या हाती पैसा असेल. मार्चअखेरचा उद्दिष्टाचा तक्ता मग भरत बसा.

आपली,
बचत गटांचे हिशेब तपासणारी एक वाचक,
गडहिंग्लज, जि. कोल्हापूर