आई आणि सही वगळून ग्रोसमन किती उरतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रशियन कादंबरीकार वासिली ग्रोसमन याच्यावरचा लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात या लेखकाला अख्खं पान मिळालं याचा इतका आनंद झाला की चहा गार झाला तरी लक्षात आलं नाही. पण दुसऱ्यांदा वाचताना मनात कुरकुर सुरू झाली आणि तिसऱ्या वेळी कागद पुढे ओढला. पत्र लांबणार आहे. काटछाट करायची झालीच तर माझ्याविषयीचा मजकूर कापा, त्याच्याविषयीचा राहू द्या.

लेखात क्रांती, पंचवार्षिक योजना, महायुद्ध आणि शीतयुद्ध अशा चार चौकटी आहेत आणि प्रत्येक चौकटीत ग्रोसमन कडेला उभा आहे, लग्नाच्या फोटोत लांबचे मामा उभे असतात तसा. ‘जागतिक घडामोडींच्या पार्श्वभूमीवर’ हे शब्द पाच वेळा आले आहेत, मी मोजले. पार्श्वभूमी म्हणजे नाटकातला मागचा पडदा. या माणसाच्या बाबतीत तो पडदाच पुढे आला आणि त्याच्या आईला घेऊन गेला. ती आई लेखात नाही. आणखी एक गोष्ट नाही, ती म्हणजे १९५३ सालची त्याची एक सही. दोन्ही जागेअभावी गळल्या असं मानायला मी तयार आहे, पण मग सोव्हिएत सेनापती मार्शल झुकॉव्हची दोन छायाचित्रं कशी मावली?

मी छत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. ग्रोसमनकडे माझं लक्ष आधी गेलं ते जातभाई म्हणून. १९२९ मध्ये मॉस्को विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन तो बाहेर पडला आणि डोनबासच्या कोळसा खाणींच्या मुलखात नोकरीला लागला. तिथे क्षयाचं निदान झालं म्हणून मॉस्कोला परतला आणि एका पेन्सिलच्या कारखान्यात रुजू झाला. कारखान्याचं नाव ‘साको आणि वान्झेत्ती’. अमेरिकेत १९२७ मध्ये विजेच्या खुर्चीत बसवलेल्या दोन इटालियन कामगारांची ही नावं. जागतिक घडामोडी हव्यात ना? त्या पेन्सिलीवर छापलेल्या होत्या. लेखात मात्र हा सगळा काळ ‘काही काळ अभियंता’ एवढ्या तीन शब्दांत उरकला आहे.

रसायनाच्या माणसाची सवय त्याच्या लेखनातून कधी गेली नाही. आधी मोजायचं, मग बोलायचं. १९४४ मध्ये लाल सेनेबरोबर तो पोलंडमधल्या त्रेब्लिंकाला, ज्यूंना मारण्यासाठी नाझींनी उभारलेल्या छावणीच्या जागी, पोचला, तेव्हा जर्मनांनी ती छावणी पाडून जमीन नांगरली होती, वर पेरणीसुद्धा केली होती. जमीन मात्र हाडं आणि केस वर टाकत होती. ग्रोसमनने वाचलेल्या थोड्या कैद्यांशी बोलून, आसपासच्या शेतकऱ्यांना विचारून, आगगाड्या किती, डबे किती, डब्यात माणसं किती असा हिशेब मांडला. तो लेख त्याच वर्षी ‘झ्नाम्या’ मासिकात आला आणि पुढे नाझी पुढाऱ्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यातही वापरला गेला. हिशेब चुकला होता, हेही सांगायला हवं. मारल्या गेलेल्या माणसांचा त्याचा आकडा तीस लाखांच्या घरात गेला. आजचे इतिहासकार आठ-नऊ लाखांच्या आसपास सांगतात. गाड्या सगळे महिने सारख्याच भरून येत होत्या हे गृहीत चुकलं. प्रयोगवहीत अशी चूक आली तर मी लाल शाईने गोल करतो, पण वहीचे गुण कापत नाही.

आता आईकडे येतो. युक्रेनमधल्या बेर्दिचेव्ह गावी १९०५ मध्ये ग्रोसमनचा जन्म झाला. गावात ज्यूंची वस्ती मोठी. आई-वडील वेगळे झालेले, मुलगा आईजवळ वाढला. २२ जून १९४१ ला जर्मन फौजा सोव्हिएत हद्दीत शिरल्या आणि ७ जुलैला बेर्दिचेव्ह पडलं. मधे हातात पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत मॉस्कोतल्या घरी काय बोलणं झालं असेल, ते मुंबईकर वाचकाला समजावून सांगायला नको. आईला इकडे आणायचं का? पत्नी ओल्गा म्हणाली, जागा कुठे आहे? जागा खरंच नव्हती. ग्रोसमनने विषय ताणला नाही. १५ सप्टेंबरला गावाबाहेर विमानतळाजवळ खणलेल्या खड्ड्यांपाशी हजारो ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. आई त्यांत होती. मुलगा त्या वेळी ‘क्रास्नाया झ्वेझ्दा’ या लष्करी दैनिकाचा बातमीदार म्हणून आघाडीवर हिंडत होता. चष्मा, स्थूल शरीर, हातात काठी. सैन्याने नापास केलेला हा माणूस पुढे मॉस्को, स्टालिनग्राड, कुर्स्क आणि बर्लिन असा हजारांवर दिवस आघाडीवर काढणार होता. आईचं काय झालं याची खात्री १९४४ मध्ये सेनेबरोबर तो स्वतः बेर्दिचेव्हला पोचला तेव्हा झाली.

त्याच्या ‘लाइफ अँड फेट’ या कादंबरीत एक पूर्ण प्रकरण म्हणजे एका आईचं शेवटचं पत्र आहे. कादंबरीतली आई डोळ्यांची डॉक्टर, मुलगा व्हिक्टर श्ट्रुम हा भौतिकशास्त्रज्ञ. ते वाचल्यावर मी दोन दिवस पुस्तक उघडू शकलो नाही. ग्रोसमनच्या हाती असं पत्र कधी पडलंच नव्हतं. ते त्याने आईच्या वतीने स्वतःला लिहिलं. पुढे १९५० मध्ये आणि मग १९६१ मध्ये, म्हणजे तिच्या मृत्यूला नऊ आणि वीस वर्षं झाल्यावर, त्याने मेलेल्या आईला खरोखरीची पत्रं लिहिली. ती एका पाकिटात त्याच्या मृत्यूनंतर सापडली. आपल्याकडे वर्षश्राद्धाला पान वाढतात, त्याने कागद घेतला.

आणि ती सही. तिच्याकडे जाण्याआधी १९३८ साल पाहावं लागतं, तेही लेखात नाही. ओल्गाच्या पहिल्या पतीला स्टालिनच्या १९३७ च्या धरपकडीत उचललं आणि गोळी घातली. पुढच्या वर्षी ओल्गालाही नेलं, त्याच पतीची बायको म्हणून. ग्रोसमनने तिची दोन लहान मुलं अनाथालयात जाऊ न देता आपल्याकडे घेतली आणि गुप्त पोलिसांचा प्रमुख येझॉव्ह याला पत्र लिहिलं की ही बाई आता माझी पत्नी आहे. त्या साली त्या माणसाला आपण होऊन पत्र लिहिणं म्हणजे काय होतं, याची कल्पना करा. ओल्गा सुटून आली.

हाच माणूस १९५३ मध्ये सही करतो. जानेवारीत खोटी बातमी आली की क्रेमलिनच्या डॉक्टरांनी, ज्यांतले बरेच ज्यू होते, पुढाऱ्यांना मारण्याचा कट केला. नामवंत ज्यूंकडून एका पत्रावर सह्या घेतल्या जात होत्या: या डॉक्टरांना कठोर शिक्षा करा. ग्रोसमनने सही केली. चार-दोघांचा बळी देऊन बाकीचे ज्यू वाचतील असं काहीसं त्याच्या मनात होतं, असं त्याचा मित्र कवी सेम्योन लिपकिन याने लिहून ठेवलं आहे. ते पत्र छापलंच गेलं नाही. सहीचा उपयोगही झाला नाही: फेब्रुवारीत पक्षाचं मुखपत्र ‘प्राव्दा’ने ग्रोसमनच्या स्टालिनग्राडवरच्या नुकत्याच आलेल्या कादंबरीवर झोड उठवली. ५ मार्चला स्टालिन मेला आणि महिनाभरात डॉक्टर सुटले. सही तेवढी राहिली. धैर्य ही काही मुदत ठेव नव्हे की एकदा ठेवलं आणि पंधरा वर्षांनी व्याजासकट काढलं.

तुमच्या लेखकाने हे का वगळलं असेल ते मला समजतं. हुतात्म्याच्या तसबिरीवर डाग नको. पण ‘लाइफ अँड फेट’मध्ये तर ग्रोसमनने तो डाग स्वतःच दाखवला आहे. श्ट्रुम आधी सगळ्यांचा रोष पत्करून ताठ उभा राहतो, मग खुद्द स्टालिनचा फोन येतो, मान मिळतो, आणि लगेच त्याच्यापुढे डॉक्टरांविषयीच्याच एका निवेदनाचा कागद येतो. तो सही करतो. छळ सोसलेला माणूस मऊ खुर्चीत बसल्यावर कसा मोडतो, हे इतक्या बारकाईने ज्याने केलं त्यालाच लिहिता येतं. सही काढून टाकली तर ती पानं आली कुठून हे कळत नाही.

एक तथ्याची चूकही दुरुस्त करा. १९६१ मध्ये ग्रोसमनला अटक झाली असं छापलं आहे. त्याला अटक झाली नाही. कादंबरीला झाली, ‘लाइफ अँड फेट’ला. १४ फेब्रुवारीला गुप्त पोलिसांचे लोक घरी आले आणि टंकलिखित प्रती, कच्चे खर्डे, कार्बन पेपर आणि टाइपरायटरच्या फिती घेऊन गेले. तरुण वाचकांना फिती कशाला नेल्या ते कळणार नाही म्हणून सांगतो. आमच्या महाविद्यालयात प्रश्नपत्रिका टाइप झाली की वापरलेला कार्बन जाळायचा असा नियम होता, कारण उजेडात धरला की त्यावर सगळं वाचता येतं. नव्या फितीवरही अक्षरं उमटून राहतात. एवढी काळजी आम्ही बी.एस्सी.च्या पेपरसाठी घ्यायचो.

पुस्तकाला सोडा, अशी विनंती ग्रोसमनने १९६२ मध्ये पक्षप्रमुख ख्रुश्चेव्हला लिहून केली. त्यावर पक्षाचा तत्त्वज्ञ सुस्लॉव्ह याने भेटीला बोलावलं आणि सांगितलं की हे पुस्तक आणखी दोनशे-तीनशे वर्षं छापता येणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात सोल्झेनित्सिनची सोव्हिएत छळछावणीवरची कथा ‘नोव्ही मीर’ मासिकात छापून आली. म्हणजे छावण्यांचा विषय चालत होता. चालत नव्हती ती ग्रोसमनने केलेली नाझी आणि सोव्हिएत राजवटींची तुलना. त्याच्या कादंबरीत एक नाझी अधिकारी एका जुन्या बोल्शेव्हिक, म्हणजे रशियन कम्युनिस्ट, कैद्याला रात्री बोलावून म्हणतो की आपण एकमेकांचे आरसे आहोत, आणि कैद्याला नीट उत्तर सापडत नाही.

‘अखेर सत्याचा विजय झाला’ हे लेखातलं वाक्य मला खुपलं. ग्रोसमन १४ सप्टेंबर १९६४ ला कर्करोगाने गेला, आईच्या स्मृतिदिनाच्या एक दिवस आधी. पुस्तक छापलं जाईल की नाही हे त्याला माहीत नव्हतं. लिपकिनने एक प्रत लपवून ठेवली होती. सत्तरच्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ साखारोव्ह, कादंबरीकार व्होइनोविच यांच्यासारख्यांच्या धडपडीतून सूक्ष्मफिती बाहेर गेल्या आणि १९८० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला कादंबरी छापली गेली. मॉस्कोत ती यायला १९८८ उजाडलं. जप्त केलेली मूळ कागदपत्रं तर गुप्त पोलिसांच्या वारसांनी २०१३ मध्ये परत केली. यात कोणाचा विजय झाला, मला सांगता येत नाही.

आमच्या तरुणपणी सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनांतून दोन-तीन रुपयांत गोर्की आणि टॉलस्टॉय घरी यायचे. त्या कपाटात ग्रोसमन नव्हता. तो भेटला पन्नाशी उलटल्यावर, मुलीने पुण्याच्या पदपथावरून आणलेल्या एका जाडजूड इंग्रजी अनुवादात. त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका आईच्या नावाने आहे. तुमच्या पानभर लेखात तीन सेनापती, दोन पक्षसचिव आणि एक अमेरिकी अध्यक्ष नावानिशी आले आहेत. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापाल तेव्हा हेही नाव छापा: येकातेरिना साव्हेल्येव्हना. ती फ्रेंच शिकवायची.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक
मिरज