हायकोर्टाजवळ रखमाबाईंचा फलक हवा

महोदय,
मुंबई हायकोर्टासमोरून रोज हजारो माणसे जातात. याच कोर्टाने मार्च १८८७ मध्ये रखमाबाईंना फर्मावले होते, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. अकराव्या वर्षी लावून दिलेले लग्न त्यांना मान्य नव्हते. तुरुंग पत्करेन, पण नांदायला जाणार नाही, असे त्यांनी ठणकावले. पुढच्या वर्षी नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. मग कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांच्या पाठबळाने त्या लंडनला वैद्यक शिकल्या आणि परतून सुरत, राजकोटला डॉक्टरकी केली. मुलींचे शरीरसंबंधासाठीचे किमान वय दहावरून बारा करणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याआधी जे रान पेटले, त्यात या खटल्याचा वाटा मोठा होता.

कोर्टाजवळच्या पदपथावर त्यांचा फलक लागावा. मजकुरात ‘थोर समाजसेविका’ छापाची विशेषणे नकोत. खटल्याचे साल, निकाल आणि त्यावरचे त्यांचे उत्तर एवढे पुरे. अनावरण करणाऱ्यांची यादी तर अजिबात नको. आपल्याकडच्या कोनशिलांवर नगरसेवकापासून मंत्र्यापर्यंतची नावे वाचून होईपर्यंत सिग्नल सुटतो, आणि ज्याच्यासाठी दगड बसवला तो तळाशी बारीक अक्षरात!

पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकून मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिणाऱ्या मुक्ता साळवे आणि बुलढाण्यात ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे यांच्याबाबतही तिथल्या पालिकांनी मनावर घ्यावे. मुंबईपुरते म्हणाल, तर २५ सप्टेंबर हा रखमाबाईंचा स्मृतिदिन. महापालिकेने तोवर निदान जागा तरी नक्की करावी.

– एक वाचक, गिरगाव