उड्डाण रद्द करणाऱ्याला बोल लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावी यंदा यात्रेच्या पत्रिकेत 'दुपारी ४ वाजता हँग ग्लायडिंगचे प्रात्यक्षिक' असे छापले होते. पै-पाहुणे जमले, पोरंटोरं डोंगराच्या पायथ्याशी उन्हात ताटकळली, आणि वरून क्लबच्या प्रमुखाचा निरोप आला की आज उडायचे नाही. त्यानंतर त्या मंडळींना जे ऐकून घ्यावे लागले त्याचे मला फार वाईट वाटले. 'घाबरले', 'जेवणावळी झोडायला आले होते', इथपर्यंत मजल गेली. रात्रीपर्यंत पावसाचा थेंबही पडला नाही, मग तर बोलणाऱ्यांना आणखी जोर चढला.

मी शेतकरी. ही मंडळी सुगीनंतर आमच्या शिवारात उतरतात, म्हणून त्यांचे काम जवळून बघतो. पाऊस पडला नाही म्हणून निर्णय चुकला, हे म्हणणे मला मान्य नाही. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आभाळ निरभ्र असते आणि दुपारनंतर ढग उभे चढू लागतात. तो वळीव आपल्या गावात न पडता चार गावे पलीकडे पडला, तरी त्यातून सुटलेला गार वारा इथवर येतो आणि क्षणात दिशा पालटतो. हँग ग्लायडरला इंजिन नसते. ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यावर ताणलेले कापड, सगळे मिळून साधारण 30 किलो. खाली पट्ट्यांत लोंबकळणारा माणूस समोरची दांडी धरून आपल्या अंगाचा भार इकडे-तिकडे सरकवतो, त्यावरच ते वळते. वाऱ्याचा जोर त्या भाराला भारी पडला की हातात काही उरत नाही. या विद्येचा पाया घालणारे जर्मनीचे ओटो लिलिएंथाल 2,000 च्या आसपास उड्डाणे करून 1896 साली अशाच उड्डाणात कोसळले आणि दुसऱ्या दिवशी गेले. 2007 साली ऑस्ट्रेलियात एका पॅराग्लायडर महिलेला गडगडाटी ढगाने 9 हजार मीटरच्याही वर ओढून नेले. ती वाचली, हे तिचे नशीब.

आमच्याकडच्या क्लबमध्ये कोणी उद्यमबागेत लेथवर काम करतो, कोणी शिक्षक आहे. सुट्टीचा दिवस आणि पदरचा पैसा घालून हे चालते. उड्डाणाआधी उडणारा पट्ट्यांत आडवा लटकतो, दुसरा ग्लायडरचे नाक धरून उभा राहतो आणि प्रमुख स्वतः गुडघ्यावर बसून कडी, पट्टा, शिवण बोटांनी चाचपतो. जुना उडणारा असला तरी हे चुकत नाही, कारण कडी अडकवायची राहून गेली तर माणूस दांडीला नुसत्या हातांनी लोंबकळतो. एकदा त्यांनी शिवणीतला एक उसवलेला दोरा पाहून त्या दिवसापुरते एकाचे उडणे थांबवले. मुलगा रागावला, पण वाद न घालता बाजूला झाला.

शिवाराचेही त्यांना भान आहे. भात निघाले की रान मोकळे झाले असे शहरातल्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात त्यात मसूर पेरलेला असतो. कोणत्या तुकड्यात पेरा आहे हे विचारून घेऊनच ते उतरायची जागा ठरवतात.

त्यांच्यापुढच्या अडचणी कमी नाहीत. डोंगर चंदगडच्या हद्दीत आणि उतरायचे रान बेळगाव तालुक्यात, म्हणजे दोन राज्यांच्या कार्यालयांत हेलपाटे. त्यात सांबऱ्याचा विमानतळ जवळ, त्यामुळे तिथल्या परवानगीशिवाय आकाशात जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

यात्रा कमिट्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की पत्रिकेत उड्डाणाची वेळ छापूच नका. छापायचेच असेल तर 'हवामान अनुकूल असल्यास' हे शब्द तितक्याच ठळक अक्षरांत घाला आणि उडायचे की नाही हे डोंगरावरच्या माणसावर सोडा. देणगी दिली म्हणून कोणी उडायचा आग्रह धरू नये. दोन्हीकडच्या ग्रामपंचायतींनी बसून उतरायची एक जागा कायमची ठरवावी, तिथे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी उभारावी आणि जवळून जाणाऱ्या विजेच्या तारांवर लांबून दिसतील अशा खुणा वीज खात्याकडून करून घ्याव्यात. पुढच्या सुगीच्या आत एवढे झाले, तर माझ्या रानाचा तुकडा मी लेखी द्यायला तयार आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक, बेळगाव तालुका